एका पारड्याचा काटा

मी एक ताणकाटा बोलतोय. काटा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं दांडी येईल, साखळ्या येतील, दोन पारडी येतील. तसला मी नव्हे. वर एक कडी, मध्ये घड्याळासारखी गोल तबकडी, खाली एक आकडा. आकड्याला जे लटकवाल त्याच्या ओझ्यानं माझ्या पोटातली स्प्रिंग ताणली जाते आणि तबकडीवरची सुई पुढं सरकते. एवढंच माझं शिक्षण. पण सारी उमर किराणा दुकानाच्या ओसरीत गेली, त्यामुळं चार गोष्टी कानावर पडल्या, दोन समजल्याही. त्या सांगतो. बसा जरा. घाई असली तरी बसा. वजनाच्या कामात घाई केली की कुणाचं तरी नुकसान होतं.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका थंड देशातला. नाव सांगत नाही. उगीच बदनामी नको आणि फुकटची जाहिरातही नको. माझ्याबरोबर घडलेले बाकीचे काटे मासळीबाजारात गेले. मला मात्र एका लाकडी खोक्यात भुशात झोपवलं. शेजारी दूध पावडरीचे डबे रचले होते. खोकी भरणारे दोघे जण आपसात बोलत होते, ते मला आजही आठवतं.

त्या देशात तेव्हा दूध उदंड झालं होतं. इतकं, की ठेवायला जागा नाही आणि भाव पाडायची तयारी नाही. त्यातच श्रीमंत देशांनी मिळून शब्द दिला होता, की आपल्या कमाईच्या शंभर रुपयांतले सत्तर पैसे गरीब देशांसाठी बाजूला काढू. शब्द देताना सगळ्यांनी मान हलवली. काढायची वेळ आली तेव्हा बहुतेकांच्या माना दुसरीकडं वळल्या. माझ्या देशानं मात्र मनावर घेतलं. आता त्यात दया किती आणि गोदाम रिकामं करायची निकड किती, ते मला तोलता आलेलं नाही. दोन्ही असावं. माणसाच्या हातून चांगलं काम बहुधा असंच होतं, आणि म्हणून मी त्याला नाव ठेवत नाही. दूध ते दूधच.

बोटीनं मुंबई, मुंबईहून मालगाडीनं औरंगाबाद आणि तिथून ट्रकच्या टपावर बसून मी मुकुंदवाडीला पोचलो. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं, उन्हाळा तोंडावर आला होता. मुकुंदवाडी तेव्हा शहराच्या अंगाला टेकलेलं खेडं होतं. छोटं स्टेशन, स्टेशनापलीकडं माळ, आणि माळावर खडी फोडायला आलेल्या माणसांच्या पालांची रांग. कुणी पैठणकडची, कुणी अजिंठ्याकडची.

दूधकेंद्र काढायला जागा हवी होती. ती दिली बद्रीनाथशेठनी, आपल्या दुकानाची ओसरी. शेठजी पन्नाशीतले, पोट जरा पुढं आलेलं. मूलबाळ नव्हतं. शाळा चौथीपर्यंत, पण हिशोब तोंडपाठ आणि गप्पा त्याहून तोंडपाठ. मला ओसरीच्या आढ्याला लटकवलं तेव्हा त्यांनी खालून-वरून पाहिलं, आकड्याला एक टिचकी मारली आणि म्हणाले, "पाव्हणा देखणा हाय. पर याचा भरवसा कसा धरावा, याला जोडीदारच नाय."

केंद्राचं काम द्वारकाबाईकडं होतं. शेजारच्याच आळीतली विधवा बाई, कामाला वाघीण आणि जिभेला त्याहून तिखट. ती दूध कालवायची, पोरांची तोंडं पुसायची आणि शेठजींना बोलायची. महिन्यातून एकदा शहरातून प्रमोदिनीबाई यायच्या, आरोग्य खात्याच्या. त्यांच्याकडं प्रत्येक मुलाचं एक कार्ड असे. वय आणि वजन जुळवून कार्डावर ठिपका द्यायचा. ठिपका हिरव्या पट्ट्यात पडला तर पोर ठीक. पिवळ्यात पडला तर रोज एक मूठ सुकडी, म्हणजे भाजक्या पिठाचा कोरडा खाऊ. लालमध्ये पडला तर दोन वेळा दूध, वर घरी न्यायला पुडा. म्हणजे कुणाला दूध मिळायचं आणि कुणाला नाही, ते माझ्या सुईवर ठरत होतं.

पहिल्या दिवशी एकही बाई पोर द्यायला तयार होईना. लांब उभ्या राहून माझ्याकडं बघत होत्या. माझ्या आकड्याला कापडाची चड्डी अडकवलेली. तीत लेकरू घालायचं आणि सोडायचं. शेवटी एक हडकुळी बाई पुढं आली. अजिंठ्याकडची भागूबाई. कडेवर वर्षाची पोर, कौशी. भागूबाईचं आधीचं एक लेकरू गेलेलं होतं, म्हणून हिच्या गळ्यात काळा दोरा आणि कमरेला ताईत.

"ओ शेठजी, याचं दुसरं पारडं कुठंय?"

"नसतंय याला."

"मग माझी पोर तुमी कशाशी तोलता?"

मागून कुणीतरी म्हणालं, "वजन केलं म्हंजी माल झाला बाई. मालाला कुणी तरी न्यायला येतंयच." बायका दोन पावलं आणखी मागं सरकल्या.

शेठजींनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, "काहून बरं? खुलताबादला नवस फेडायला जाता तवा लेकराची गुळाशी तुला करता का नाय? तवा नाय दृष्ट लागत?"

"तवा म्होरं देव असतो," भागूबाई म्हणाली.

"देव नाय माझ्याकडं. गूळ हाय."

बायका हसल्या. शेठजींनी दुकानातून गुळाचा खडा आणून कौशीच्या मुठीत दिला. "हे घे, ही तुपली दुसरी बाजू." भागूबाईनं आधी गुळाकडं, मग शेठजींकडं पाहिलं आणि पोर चड्डीत घातली. त्या दिवसापासून मुकुंदवाडीत वजनाला गूळ लागला. परदेशातून आलेल्या सूचनांत तो कुठंच नव्हता.

सूचनांवरून आठवलं. माझी कापडी चड्डी तिसऱ्याच महिन्यात फाटली. नियम असा, की माझा प्रत्येक सुटा भाग माझ्याच देशातून मागवायचा. तसा करारच होता. प्रमोदिनीबाईंनी रीतसर मागणी पाठवली. द्वारकाबाईनं त्याच दुपारी आपल्या जुन्या लुगड्याच्या काठाची नवी शिवली. बोटीनं येणारी चड्डी पुढच्या वर्षी पोचली. तोवर पोरं लुगड्याच्या काठात झुलून मोठी झाली होती.

आता मुख्य गोष्टीकडं येतो.

पोर चड्डीत घालायचं काम द्वारकाबाईचं, ठिपका द्यायचं प्रमोदिनीबाईंचं आणि सुई वाचायचं बद्रीनाथशेठचं. वजन म्हणजे त्यांचा धंदा, दुसरं कोण वाचणार? आणि इथंच घोटाळा झाला. लबाडीनं झाला असता तर मला एवढं वाईट वाटलं नसतं. तो चांगुलपणानं झाला.

शेठजींच्या वडिलांची शिकवण होती, की पारडं गिऱ्हाइकाकडं झुकल्याशिवाय पुडी बांधायची नाही. पोलीस ॲक्शननंतर निजामाचा हाली शिक्का जाऊन नवं चलन आलं तेव्हा कुणाला काय मिळतंय याचा कुणालाच मेळ लागत नव्हता. त्या गोंधळात मोठमोठी दुकानं बसली. यांचं छोटं दुकान तेवढं तरलं, कारण गावाला ठाऊक होतं की इथं माप झुकतं मिळतं. ती सवय हातात मुरलेली. समोरच्याला कमी सांगणं त्यांच्या जिवावर यायचं, आणि आईला तिच्या लेकराचं वजन कमी सांगायचं म्हणजे तर अशुभच.

लेकरू वळवळलं की माझी सुई पुढं-मागं नाचते. शेठजी तिचं पुढचं टोक धरायचे. "हां, इथवर आली! लिहा बाई." आया खूष व्हायच्या. कौशी मात्र वळवळत नसे. तिला टांगलं की माझी सुई एका जागी उभी राही, आणि तीही लालमध्ये बसावी अशा आकड्यावर. पहिल्या महिन्यात शेठजींनी खरं वाचलं. भागूबाईचा चेहरा पडला. दुसऱ्या महिन्यात तो पडका चेहरा त्यांना बघवला नाही.

"पार कडेला आलीया. घ्या पिवळ्यात, प्रमोदिनीबाई. शुभ बोला."

प्रमोदिनीबाईंच्या पुढं चाळीस आया उभ्या. त्यांनी ठिपका दिला. भागूबाईनं पोरीची अलाबला घेतली. आणि दुसऱ्या दिवसापासून कौशीचं दूध बंद झालं. सुकडीची मूठ सुरू झाली. ती तिला चावता येत नव्हती.

मला तोंड असतं तर! पण माझं बोलणं म्हणजे ती एक सुई, आणि ती वाचणारा जे म्हणेल तेच खरं.

असे महिने गेले. पाऊस झाला, माळ हिरवा झाला, दिवाळी झाली. कार्डांवरचे ठिपके वर वर चढत होते. भागूबाई खडीवर जाताना कौशीला ओसरीच्या खांबाला टेकवून जाई, ती मात्र संध्याकाळपर्यंत तशीच असायची. द्वारकाबाई एकदा म्हणाली, "बद्रीभाऊ, ही पोर पिवळ्यातली वाटत नाय मला."

"काटा सांगतो ते खरं का तुपले डोळे?"

"काटा बोलतो का तुम्ही बोलता?" द्वारकाबाई तोडून बोलली. शेठजी हसले. पण त्या दिवशी त्यांनी एका गिऱ्हाइकाला साखरेऐवजी मीठ बांधून दिलं.

दिवाळीनंतर माझ्या देशाची पाहुणी आली. उंच, उन्हानं लाल झालेली, सुती साडी नेसायचा प्रयत्न केलेली बाई. हार झाला, नारळ झाला. तिनं एकेक कार्ड बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. ती तिच्या भाषेत बोलत होती, प्रमोदिनीबाई आपल्या भाषेत सांगत होत्या.

"त्या म्हणतात, इतकं सुंदर काम त्यांनी कुठं पाहिलं नाही. दरवर्षी श्रीमंत देशांची बैठक बसते. कुणी किती दिलं आणि दिलेल्यातून काय उगवलं, ते तिथं विचारतात. तिथं त्या मुकुंदवाडीचं नाव सांगणार आहेत."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आणि इथली मुलं आता सावरलीत. त्यामुळं हे दूध पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या देशाकडं वळवायचं ठरलंय. तिथं जास्त गरज आहे."

टाळ्या चालूच होत्या. कौतुकाच्या ओघात कुणाला ऐकूच आलं नाही. फक्त द्वारकाबाईचा दुधातला पळा थांबला.

"म्हंजी दूध बंद?" ती म्हणाली.

टाळ्या विरल्या. गर्दीतून भागूबाई पुढं आली, कौशीला घेऊन. ती पाहुणीकडं गेली नाही, प्रमोदिनीबाईंकडं गेली नाही. सरळ शेठजींपुढं उभी राहिली.

"शेठजी, मला त्या कागदातलं कळत नाय. तुमी म्हनले पोर बरी हाय. मग ही उठून बसत का नाय? आता तर रडत बी नाय. आधीचं लेकरू जायच्या आधी असंच गप झालं होतं. घ्या, तुमीच बघा."

आणि तिनं कौशी त्यांच्या हातात दिली.

इतक्या महिन्यांत शेठजींनी एकही लेकरू हातात घेतलं नव्हतं. ते काम द्वारकाबाईचं. त्यांचा हात म्हणजे जन्मभर ढेपेतून गूळ फोडून तळहातावर झेलणारा हात. डोळे मिटूनही तो हात सांगे, किती आहे. कौशी हातात आली आणि मी त्यांचा चेहरा बघितला. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली पायरीच नसावी, तसे ते दचकले. पोरीला काही वजनच नव्हतं.

मग त्यांनी स्वतःच्या हातानं तिला माझ्या चड्डीत घातलं आणि दोन्ही हात पाठीमागं बांधून बाजूला झाले.

"प्रमोदिनीबाई, तुम्ही वाचा. मी नाय वाचत."

सुई उभी होती, नेहमीसारखी. प्रमोदिनीबाईंनी वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. "शेठजी, हे तर लाल आहे. नुसतं लाल नाही, फार खाली आहे. मागच्या महिन्यात…"

"मागच्या महिन्यात मी वाचलं होतं," शेठजी म्हणाले. "मी झुकतं माप दिलं, बाई. हिला दिलं, सगळ्यांलाच दिलं. मला वाटलं, देतोय. मी तर काढून घेत होतो."

प्रमोदिनीबाई जवळ आल्या, आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे मी पाहुण्यांना कसं सांगू? इथलं एक कार्ड खोटं निघालं तर सगळ्या गावांची कार्डं खोटी ठरतील. आसपासच्या वस्त्यांचंही दूध जाईल. गप्प राहिलो तर निदान आपलं नाव तरी राहील."

"नाव ठेवून काय करता? ही पोर चाललीया. मालात खोट असली तर गिऱ्हाइकाला कळायच्या आधी दुकानदारानं सांगावी. सांगा तुम्ही."

प्रमोदिनीबाईंनी सांगितलं. शब्द सापडत नव्हते तरी सांगितलं. पाहुणी ओसरीच्या पायरीवर बसली. मग जे म्हणाली ते ऐकून मला माझ्याच देशाची नव्यानं ओळख झाली.

"मी तिकडं जाऊन सांगितलं की मुलं सुधारली, तर आमचे लोक म्हणतील, मग आता मदत कशाला? आणि सांगितलं की मुलं तशीच आहेत, तर म्हणतील, दिलेलं वाया गेलं, आता मदत कशाला?"

शेठजींनी हे प्रमोदिनीबाईंच्या तोंडून आपल्या भाषेत ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अहो बाई, गिऱ्हाईक बरं झालं तरी दुकान बंद, नाय झालं तरी दुकान बंद? असला धंदा तर आमच्या गुलमंडीच्या बाजारात बी कुणी करत नाय!"

प्रमोदिनीबाईंना हसू आवरेना. त्यांनी हसत हसतच ते पाहुणीला सांगितलं, आणि पाहुणीही हसली. हसता हसता डोळे पुसायला लागली. मग उठली, माझ्याजवळ आली आणि कौशीला काढून तिनं आपल्या हातात घेतलं. हजारो ठिपके पाहिलेली बाई. तिनंही हातात घेतलेलं ते कदाचित पहिलंच लेकरू असावं. कौशीनं तिच्या साडीचा सुटलेला पदर मुठीत धरला. पाहुणीनं तो सोडवून घेतला नाही.

त्या दुपारी सगळ्या लेकरांची वजनं नव्यानं झाली. पोर नाचलं की शेठजी म्हणत, "थांबा. सुई ठरू द्या." निम्म्याहून अधिक ठिपके खाली आले. कुणीही टाळी वाजवली नाही.

जाताना पाहुणीनं एवढंच सांगितलं, की लालमधल्या मुलांना सुगीपर्यंत दूध मिळेल. तेवढं तिच्या हातात आहे. पुढचं वचन तिनं दिलं नाही. खरं सांगतो, तिचं तेच मला आवडलं.

दूध सुगीपर्यंत आलं, आणि मग खरोखर दुसऱ्या देशाकडं वळलं. पण तोवरच्या त्या दिवसांत द्वारकाबाईनं कौशीला मांडीवर घेऊन चमच्या-चमच्यानं पाजलं. मध्ये एक आठवडा असा गेला की पोटात काही ठरेना. शेठजी दुकान अर्धं लावून पायरीवर बसून राहायचे. द्वारकाबाई ओरडायची, "बद्रीभाऊ, तुमच्या बघण्यानं दूध पचणार हाय का? जा, गल्ल्यावर बसा!" ते आत जायचे आणि परत यायचे.

सुगीच्या तोंडाशी भागूबाई निघाली. गावाकडं कापणीची कामं सुरू झाली होती. जाण्याआधी शेवटचं वजन करून घ्यायला आली. द्वारकाबाईनं कौशीला चड्डीत घातलं मात्र, पोरीनं अशी लाथ मारली की मी आढ्याला गरकन फिरलो. मग तिनं भोकाड पसरलं. सुई या टोकाची त्या टोकाला; ठरायचं नावच घेईना.

"थांबंनाच की हो काटा," शेठजी म्हणाले. "काय लिहायचं, प्रमोदिनीबाई?"

"लिहिणं राहू द्या. आधी तिला उतरवा, घाबरलीय ती."

"घाबरली नाय, रागावलीया," भागूबाई म्हणाली. तिचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. "रडू द्या शेठजी. लई दिवसांनी घसा उघडलाय."

शेठजींनी कौशीला उतरवून घेतलं. ती त्यांच्या खांद्यावरही रडत राहिली, आणि ते तिला घेऊन दुकानाच्या दारात येरझाऱ्या घालत राहिले. गिऱ्हाईक उभं होतं, ते उभंच राहिलं.

पुढं कौशीचं काय झालं, मला ठाऊक नाही. भागूबाई परत आली नाही. काट्याचं नशीब असं, की त्याला प्रत्येकाचे थोडे महिनेच ठाऊक असतात. मी मनाशी धरून चाललोय की ती कुठंतरी कुणावर तरी रागावत असेल.

बद्रीनाथशेठ गेले, द्वारकाबाई गेली. मुकुंदवाडी शहरात कधी मिसळली ते कळलंही नाही. दुकान आता गॅसशेगडी दुरुस्त करणाऱ्याकडं आहे. मी अजून त्याच आढ्याला आहे. तो माझ्या आकड्याला जेवणाची पिशवी अडकवतो. माझी तबकडी पिवळी पडलीय, आकडे पुसट झालेत. वरून विमानं जातात. दुरुस्तीवाला परवा कुणाला तरी सांगत होता, की आता आपल्याही देशातून गव्हाची पोती आणि औषधांची खोकी लांबच्या गरीब देशांत जातात. ऐकून ऊर भरून आला, आणि थोडी काळजीही वाटली.

म्हणून एक मागणं आहे. ती खोकी भरणारे, कागद रंगवणारे, बैठकीत बसणारे तुमच्या ओळखीत कुणी असतील, तर माझा निरोप पोचवा. तिकडच्या ओसरीत गेलात की काट्याकडं एकदम वळू नका. आधी लेकरू हातात घ्या. घटकाभर घ्या, पाठीवरून हात फिरवा. मग त्याला काट्याला लावा, सुई ठरू द्या, आणि ती जे सांगेल ते त्याच्या आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं वाचा.